चौथी रेघ

टण्. मग ड्रायर नुसताच घुमत राहिला, आणि पुन्हा, टण्. टिल्डा नुकती झोपली होती. तिच्या दुपारच्या झोपेचा तो एक तास, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं तर घर श्वास धरून असतं. फ्रिजसुद्धा हळू कण्हतो. मी सोफ्याच्या कडेला कॉफीचा कप धरून काहीही न करण्याची तयारी करत होते. काहीही न करायला हल्ली मला तयारी लागते. तेवढ्यात तो आवाज. बटण असेल, म्हटलं. नाहीतर नाणं. पण नाण्याचा आवाज भरीव असतो आणि बटणाचा असून नसल्यासारखा. हा पोकळ होता, पोटात हवा असलेल्या वस्तूचा, आणि तो मला चालता येण्याच्याही आधीपासून ओळखीचा होता. मी कप ठेवला, चोरपावलांनी गेले, ड्रायरचं दार उघडलं. बाबाच्या चौकड्यांच्या शर्टाची बाही आईच्या जुन्या टॉवेलभोवती गुंडाळली गेली होती, आणि त्या गुंत्यातून ती माझ्या तळहातात घरंगळली. पितळेची रिकामी पुंगळी, उडवलेल्या काडतुसाची. इतकी गरम, की मला ती या हातातून त्या हातात खेळवावी लागली, भट्टीतून काढलेल्या बटाट्यासारखी.

बाबाचं वॉशिंग मशीन बंद पडलं त्याला दोन वर्षं झाली. तो दुसरं घेत नाही. घेतलं तर सोमवारी आमच्याकडे यायला निमित्त उरणार नाही, हे तो बोलत नाही, मीही बोलत नाही. सोमवारी तो कपड्यांची पिशवी आणतो, टिल्डाला मांडीवर घेऊन वाटीभर हकलबेरी संपवतो, जांभळ्या जिभेने परत जातो. खिसे तपासायचं काम माझं. काल मी तपासले नाहीत. टिल्डाला ताप येऊन गेल्यापासून दहा दिवस मी धड झोपलेली नाही, आणि हे कुणाला सांगायला गेलं की आपलंच रडगाणं वाटतं.

पुंगळी निवली तशी मी ती खिडकीपाशी नेली. बाहेर ऊन नव्हतंच. दरीत वणव्याचा धूर भरला की ऑगस्टमध्ये आमच्या मिसूला गावाचं ऊन तांबूस, आजारी होतं, मागच्या डोंगरावर रंगवलेलं पांढरं अक्षर दिसेनासं होतं. तशा उजेडात मी पुंगळीचा तळ पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला. तळाच्या मधोमध टोपी असते, जिच्यावर घोड्याची सुई आपटते. गोळी सुटल्यावरही तिच्या कडा गोलसर राहायला हव्यात, चांगल्या शिवलेल्या बटणासारख्या. ही चपटी झाली होती, पसरली होती, तव्यावर दाबलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी. आणि शेजारच्या पितळेवर एक चकचकीत अर्धगोल ओरखडा. आत दाब फार झाला की पितळ वितळल्यासारखं मागे सरकतं आणि बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिटीच्या, तोंडावर घासतं, त्याची ती खूण. नवव्या वर्षी मला गुणाकार नीट येत नव्हता, पण हे वाचता येत होतं. बाबा एकेक पुंगळी दिव्याखाली धरून विचारायचा, "सांग, काय म्हणतेय ही?" मी म्हणायचे, "ही खूश आहे." किंवा, "ही कुरकुरतेय." एकदाच त्याने कुणा पाहुण्याची अशी चपटी पुंगळी आणून दाखवली होती. मी म्हटलं, "ही ओरडतेय." त्याने मान हलवली. "बरोबर. याच्या पुढची काही म्हणत नाही. याच्या पुढे बंदूकच बोलते, आणि ते ऐकायला माणूस उरला तर उरला."

पुंगळीच्या अंगावर लाल शाईच्या तीन रेघा होत्या, धुण्याने फिकट झालेल्या. बाबा पुंगळ्या घरीच पुन्हा पुन्हा भरतो, आणि ही त्याची पद्धत. एकदा उडवली की एक रेघ, लगेच, तिथेच, गार होण्याच्या आत. आठ रेघा झाल्या की पितळ थकलं असं धरायचं आणि पुंगळी भंगाराच्या डब्यात. हिच्यावर तीन आहेत आणि ही चौथ्यांदा उडलीय हे उघड दिसतंय. चौथी रेघ नाही. तीस वर्षांत रेघ ओढायला न विसरलेला माणूस विसरला. बंदुकीची दारू किती भरायची, तेही विसरला, आणि पुरावा खिशात घालून धुवायला टाकला, तेही.

मग मला रविवार आठवला, आणि मी तिथेच फरशीवर बसले. रविवारी टिल्डा त्याच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेली होती. संध्याकाळी हातभर आइस्क्रीम माखून परत आली तेव्हा मी विचारलं, "काय काय केलंत?" ती म्हणाली, "आजोबांनी एकच गोळी मारली. मी अकरा पक्षी मोजले. मग आइस्क्रीम." मी हसले होते. माझा बाबा, आर्लन स्कोगस्टाड, पंचाहत्तरीला आलेला, पेट्रोल जाळून वीस मैल जातो आणि एक गोळी मारून परत येतो? तेव्हाच कळायला हवं होतं. काल त्याच्या उजव्या तळहातावर मोठा काळानिळा डाग होता. "हाताला काय झालं?" तर म्हणे, "दार लागलं." "कुठलं दार?" "घराला चार दारं आहेत, त्यातलं एक." मला वाटलं पडला असेल, सांगत नाही. आता दिसलं. दाब इतका झाला की पुंगळी आत रुतली, बोल्ट उघडेना, म्हणून त्याने तळहाताने ठोकून ठोकून उघडला. आणि टिल्डा तेव्हा कुठे होती? शेजारी? मांडीवर? ती त्याच्या मांडीवरच असते नेहमी.

माझा नवरा वेस्ली रुग्णवाहिकेवर काम करतो. आम्ही दोघं कधी मोठ्याने भांडत नाही, पण वसंतात, बाबाचा हात थरथरायला लागला तेव्हा, तो भांडी पुसता पुसता म्हणाला होता, "मारित, मी तुझ्या वडिलांना नावं ठेवत नाहीये. मी लोकांची बोटं बर्फाच्या पिशवीत घालून आणतो, एवढंच सांगतोय." आणि मग ठरलं. दारू मोजायची ती मी, दर शनिवारी, एक तास. तेवढा वेळ बाबा टिल्डाला बघेल. बाबाने दारूला हात लावायचा नाही. आणि एकदा, फक्त एकदा जरी काही चुकलं, तरी बाबाच्या गॅरेजमधलं काडतुसं भरायचं ते टेबल आवरायचं, आणि टिल्डा त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही. हा शेवटचा भाग वेस्लीचा नव्हता. मी म्हटलं होतं ते. वेस्लीला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, बाबा? बाबा चुकेल? आधी नदी उलटी वाहील.

हे काडतूस शनिवारच्या कामातलं असणं शक्य नव्हतं. ती पन्नास मी भरली होती, सप्टेंबरच्या सामन्यासाठी, हजार यार्डांच्या. बाबाचा तो तिसावा सामना. डबा बंद करून त्यावर त्याने हात थोपटला होता, निजवलेल्या मुलावर थोपटतात तसा. म्हणजे ही त्याने आठवड्यात स्वतः भरली. वचन मोडून, थरथरत्या हाताने, लपून. मला राग यायला हवा होता. आला तो लाडच, आणि लाडाच्या आत भीती, आणि त्या भीतीचा राग. हे तिन्ही वेगळे कसे करतात मला माहीत नाही.

त्याच्या काडतुसाला कुठल्याही दुकानात नाव नाही. अशांना या लोकांत रानमांजर म्हणतात. कारखान्यातली दुसऱ्याच मापाची पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान पाव इंचाची करायची, खांदे मागे ढकलायचे, आणि मग ती आपल्या बंदुकीत एकदा उडवायची. उडताना पितळ फुगतं आणि त्या नळीच्या कोठीचा आकार जन्मभरासाठी घेतं. तळावर मात्र जुनंच नाव कोरलेलं राहतं. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. मी विचारायचे, "हिला माहीत असतं का, की आपण आता दुसऱ्या आहोत?" बाबा म्हणायचा, "अंगाला माहीत असतं. नाव काय, कुणीही लिहितं." आणि या मांजराचं नाव त्याने ठेवलं पंचवीस व्हर्ना; पंचवीस पाव इंचाचे, व्हर्ना आईवरून. आई वैतागायची. "माझ्या नावाचं काहीतरी हजार यार्ड सरळ जातं म्हणे. मी किराणा आणायला निघाले तर दोन शेजारणींकडे वळल्याशिवाय पोचत नाही." मैदानावर सगळे म्हणायचे, काय आर्लन, व्हर्ना आज कशी आहे? आणि बाबा, जणू खरंच तिची तब्येत विचारल्यासारखा, म्हणायचा, "वाऱ्याने जरा डावीकडे झुकतेय."

झुकायचीच. पाव इंची गोळ्या तेव्हा हलक्या आणि आखूड असायच्या; जोरात निघायच्या, पण दरीत मध्येच वारा आला की हातभर सरकायच्या. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी नव्या गोळ्या करायला लागलं. तेवढ्याच जाडीच्या, पण लांबच लांब, जड, सुईसारख्या टोकाच्या. जुन्या नळीत त्या चालेनात. नळीच्या आतला पीळ सैल होता, आणि लांब गोळीला सरळ राहायला जास्त गिरकी लागते. नाहीतर ती हवेत आडवी होते आणि कागदाला भोक न पाडता फट पाडते. बाबाने घट्ट पिळाची नळी बसवून घेतली. पहिला कागद मला दाखवायला घेऊन आला तेव्हा मी सात महिन्यांची होते, म्हणजे पोटाने, आणि जिन्यात बसून धाप टाकत होते. पाच भोकं, सगळी माझ्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्या जागेत, हजार यार्डांवरून. "बघ," तो म्हणाला, "जड झाली म्हणून हळू निघते, पण वारा तिला विचारत नाही." मग माझ्या पोटाकडे बघून ओशाळला. "मी गोळीबद्दल बोलतोय." "माहितेय," मी म्हटलं. "हळू निघते तेही माहितेय."

गेल्या शनिवारी टेबलाशी बसले तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तो तास माझा असतो. गॅरेजला तेलाचा, शिशाचा आणि सफरचंदांच्या रिकाम्या पेट्यांचा वास. मागच्या अंगणातून टिल्डाचा आवाज येत असतो, म्हणजे ती आहे आणि तरीही माझ्या अंगावर नाही. काचेच्या पेटीतला तराजू, चिमट्यात धरून टाकायचे दारूचे शेवटचे दोन दाणे, काटा शून्यावर थरथरतो आणि थांबतो. माझं डोकं दुसरीकडे कुठेच थांबत नाही, तिथे थांबतं. दारूची मापं लिहायच्या वहीत आईचं अक्षर आहे एका ठिकाणी. बाबाच्या आकड्यांच्या कडेला तिने घाईत लिहिलेली यादी, "अंडी, लोणी, आर्लनसाठी थोडी अक्कल, मिळाली तर." शनिवारी मी ती कितीतरी वेळ बघत बसले. बोट फिरवलं तिच्यावर. पेन्सिलीचा खळगा अजून लागतो बोटाला.

टिल्डा उठली ती रडत नाही, कधी नाही ते गात उठली. मी तिला एकच मोजा घालू शकले. दुसऱ्या पायाने नकार दिला. पुंगळी मुठीत घेऊन निघाले. बाबाचं घर तीन गल्ल्या सोडून. शेजाऱ्यांचे फवारे धुरात वेड्यासारखे फिरत होते. टिल्डा म्हणाली, "मुठीत काय आहे?" "काही नाही." "काही नाहीला एवढं घट्ट धरतात?" मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा, बस झालं. नाही, असं नको. बाबा, मला एक वचन हवंय. मग त्याचा चेहरा दिसायचा आणि वाक्य मोडायचं. त्याच्याकडे आता आहे काय? सोमवारची पिशवी, टिल्डा, आणि ते टेबल. टेबलाबरोबर टिल्डाही जाते, कारण त्या दोघांचं सगळं बोलणं त्या टेबलावरच चालतं. ती टोप्या मोजते, तो तिला सांगतो कुठली पुंगळी खूश आहे. एकाच चिमट्यात मी दोन्ही उचलून घेणार होते. आणि माझाही तो तास. हे शेवटचं मी मनातसुद्धा हळूच म्हटलं, कारण लाज वाटली.

गॅरेजमधून ठक्, ठक्, ठक् असा आवाज येत होता. बाबा लाकडाच्या ओंडक्यावर तो पोकळ हातोडा आपटत होता. भरलेलं काडतूस त्याच्या डोक्यात अडकवून आपटलं की गोळी आणि दारू वेगळी होऊन आत पडते. चुकलेली काडतुसं मोडायचं ते हत्यार. शेजारी वाटीत लांब जड गोळ्यांचा ढीग, दुसऱ्या भांड्यात दारू. तो एकदम थांबला, चोरी पकडल्यासारखा.

"या, या. दोघीही? आज मंगळवार ना?" मग खाली बघून, "टिल्डाबाई, एकच मोजा कसा?"

"दुसरा झोपलाय," टिल्डा म्हणाली.

"बरोबर आहे. एकाने तरी झोपावं घरात."

मी पुंगळी त्याच्यासमोर टेबलावर उभी केली. त्याने ती पाहिली. मग त्याने आपला शर्टाचा खिसा चाचपला, म्हणजे आज घातलेल्या शर्टाचा, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ड्रायर?"

"ड्रायर."

"गाढव आहे मी," तो म्हणाला. "एवढं मात्र विसरलो."

"एवढं?" माझा आवाज चढला. "बाबा, टिल्डा होती तिथे! तू वचन दिलं होतंस मला, दारूला हात लावणार नाही म्हणून. रेघसुद्धा ओढली नाहीस. तुझ्या लक्षात तरी आहे का की तू..." आणि मी थांबले. थांबले, कारण बोलता बोलता मी डब्याकडे बघत होते. काडतुसांचा डबा उघडा होता, अर्धा रिकामा. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली. या गॅरेजचा सगळ्यात जुना नियम, माझ्या जन्माच्या आधीचा, की ज्याने दारू मोजली त्याने चिठ्ठीवर तारीख, आकडा आणि आपलं अक्षर लिहायचं. दुसऱ्याच्या घाण्यावर कुणी सही करत नाही, बापाने लेकीच्या नाही, लेकीने बापाच्या नाही. चिठ्ठीवर तारीख शनिवारची होती. खाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर, मी काढते तसं, शेवटच्या पायाला लहानशी शेपटी असलेलं.

आकडा मी पाहिला, आणि तो मला तोंडपाठ होता. लहानपणापासून तोंडपाठ. तो हलक्या गोळीचा आकडा होता, आणि हलक्या गोळीमागे जेवढी दारू चालते तेवढी जड गोळीमागे चालत नाही.

वही टेबलावर बंद होती. मी ती उचलली, आणि माझी बोटं काही न विचारता जिथे जायची तिथे गेली, मधल्या त्या निळसर लोकरीच्या धाग्याकडे. आईने विणकामातून तोडलेला तो धागा बाबाने खुणेला ठेवला होता आणि सहा वर्षांत हलवला नव्हता. वही तिथेच उघडली. वरती बाबाचं सरळ, तरुण अक्षर, "हलकी गोळी." कडेला अंडी, लोणी, थोडी अक्कल. जड गोळीचं पान त्याच्या पुढे कितीतरी पानांवर होतं. या मांजराचा तक्ता कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही. ताडून बघायला दुसरं काही नसतं, ही एक वही, हे एक अक्षर. शनिवारी मी आईच्या यादीवर बोट फिरवलं, हसले, आणि त्या पानावरचा आकडा पन्नास वेळा मोजून, शेवटच्या दाण्यापर्यंत अचूक, जड गोळ्यांच्या मागे भरला. इतकी अचूक चूक मी आयुष्यात केली नव्हती. मला वाटत होतं बाबा मागे मागे चाललाय, जुन्या दिवसांत हरवतोय. हरवले मी होते. माझ्या अंगाने कधीतरी त्या पानाचा आकार घेतला होता आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बस," बाबा म्हणाला. त्याने पायाने स्टूल पुढे सारलं. मी बसले. 

"मी... बाबा, टिल्डा..."

"टिल्डा गाडीत होती. काचा वर, कानांवर झाकणं, मांडीवर टरबूज. पक्षी मोजत होती." त्याने माझ्याकडे बघितलं. "नव्या घाण्यातली पहिली गोळी मारताना मी कुणाला जवळ ठेवत नाही. कधीच नाही. तुला नाही का पाठवायचो?"

जा मारित, गाडीत बस, मला मॅगपाय पक्षी किती आहेत ते मोजून सांग. मी धावत जायचे. मला वाटायचं ते माझं खास काम आहे, माझ्यावाचून कुणाला जमणार नाही असं. परत येऊन मोठ्या रुबाबात सांगायचे, सतरा, आणि तो तेवढ्याच गंभीरपणे म्हणायचा, सतरा, बरं झालं कळलं. तीस वर्षांची होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं की ते मॅगपाय म्हणजे चिलखत होतं.

"का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. शनिवारी. तोवर हे मोडून टाकावं म्हटलं, म्हणजे तुला बघावं लागू नये." त्याने हातोडा बाजूला ठेवला. "तू उभ्या उभ्या झोपतेस हल्ली. काल माझे मोजे घडी करताना झोपलीस. मी पाहिलं."

"आणि तुला काही झालं असतं तर? डोळा गेला असता तर?"

"बंदूक चांगली आहे. तुझी आई होती तिच्या नावात, ती एवढ्याने फुटत नाही. ओरडली फक्त. ती ओरडायचीच." आणि मग, मी हसत नाही हे बघून, हळू आवाजात, "घाबरलो होतो, मारित. खोटं कशाला बोलू. बोल्ट उघडेना तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, की हे तुला कळता कामा नये."

मी रडले असेन. टिल्डाने येऊन माझ्या मांडीवर तिचा झोपलेला, म्हणजे उघडा पाय ठेवला, सांत्वन म्हणून. मी बाबाला म्हटलं की मी आता तराजूला हात लावणार नाही. म्हटलं की वेस्लीला मी आज सांगणार आहे, आणि तो बरोबरच होता, आणि नियम माझाच होता, एकदा चुकलं की टेबल आवरायचं. कुणाच्या हातून चुकलं असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

"सांग," बाबा म्हणाला. "सांगायलाच हवं. मीही येतो. तो तुला रागावला तर मी मान खाली घालून बसेन, मला रागावला तर तू." मग त्याने चष्मा पुसला. "पण नियम तू एकटीने केला होतास. एका माणसाने केलेला नियम आणि एका माणसाने मोजलेली दारू, दोन्ही सारखंच. माझे हात गेलेत, डोळे अजून आहेत. तुझे हात आहेत, डोळे झोपलेत. मी पान वाचतो, मोठ्याने. तू आकडा परत म्हणतेस, मोठ्याने. मग मोजायचं. चिठ्ठीवर दोन अक्षरं. वेस्ली नाही म्हणाला तर नाही. मग मी सप्टेंबरात खुर्ची टाकून बसेन आणि दुसऱ्यांचा वारा बघेन. मरत नाही मी त्याने."

पण बोलताना त्याचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता, पुढे मागे, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि तो हात काय म्हणत होता ते मला नवव्या वर्षापासून वाचता येतं.

"आणि हे," त्याने वही माझ्याकडे सरकवली, उघडी, धाग्यासकट. "हा तू हलव. माझ्याच्याने होत नाही. दर वर्षी ठरवतो."

मी धागा उचलला. कागदावर त्याचा निळसर ठसा उमटला होता, बारीक, केसासारखा, आणि तो निघणार नव्हता. पुढची पानं उलटली. बाबाचं अक्षर पानागणिक म्हातारं होत गेलं, ओळी तिरक्या, आकडे थरथरते. जड गोळीच्या पानावर कडेला काहीच नव्हतं. मी धागा तिथे ठेवला, आणि मग, पान अगदीच उघडं वाटलं म्हणून, पेन्सिल घेऊन कोपऱ्यात लिहिलं, "अंडी. दूध. मारितसाठी थोडी झोप, मिळाली तर." बाबाने चष्मा वर करून वाचलं.  नाक ओढलं, आणि ओरडलेली ती पुंगळी उचलून भंगाराच्या डब्यात टाकली. टण्.

"आजोबा, रेघ!" टिल्डा ओरडली. "तुम्ही रेघ नाही काढली. तीनच आहेत."

"ती मोजायची नाही," बाबा म्हणाला. "ती चुकून झालेली."

टिल्डाला हे पटलं नाही. तिने टेबलावरचं लाल शाईचं पेन घेतलं, आजोबांचा उजवा हात दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला, काळानिळा डाग असलेला, आणि मनगटापासून वर एक रेघ ओढली. मग दुसरी. जीभ बाहेर काढून, फार सावकाश. हात थरथरत होता म्हणून रेघाही थरथरत होत्या. बाबाने तो अगदी स्थिर ठेवायचा प्रयत्न केला, श्वास रोखून, खटका दाबायच्या आधी रोखतो तसा. कोपरापाशी पोचल्यावर ती थांबली, मागे सरून तिने सगळं मोजलं, ओठ हलवत, आणि मग माझ्याकडे वळली.

"आई, पुंगळीवर आठच चालतात," ती म्हणाली. "आणि आजोबांवर किती?"